दूध नसलेले पान

पूर्वी कलिंग देशातल्या दंतपूर नगरात उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका निंदणी करणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल होते.

राजवाड्यासमोर दूर्वांची मोठी हिरवळ होती. राजाने नदीकाठच्या निवडक दूर्वा आणवून ती लावली होती, आणि तिच्यात दूर्वेवाचून दुसरे पान दिसता कामा नये अशी त्याची आज्ञा होती. पण बी वाऱ्याबरोबर येई, पाखरांच्या पोटातून येई, पहारेकऱ्यांच्या पायांना चिकटूनही येई. म्हणून सोमिल, त्याची बायको वासुला आणि आणखी दहाबारा जण रोज सकाळी खुरपी घेऊन हिरवळीच्या एका टोकाला बसत आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत दुसऱ्या टोकाकडे सरकत.

उपटलेले तण तटाबाहेरच्या खंदकात टाकायचे असे. सोमिल सगळेच टाकीत नसे. घोळ, आंबुशी, तांदुळजा, केना, पाथरी असे जे ओळखीचे निघे ते तो एका टोपलीत बाजूला ठेवी. घरी वासुला मुगाच्या डाळीत घोळ शिजवी, तांदुळजाला लसणाची फोडणी देई. पाथरीची कोवळी पाने ती दोघे मिठाबरोबर कच्चीच खात. आंबुशी ठेचून पाण्यात कालवायची, त्यात गूळ आणि मिठाचा खडा घालायचा, की उन्हाळ्यात आंबटगोड पन्हे होई. शेजारी म्हणत, "ही दोघं राजाचा केर खातात." वासुला हसे आणि त्यांनाही एक वाटी देई.

ही ओळख सोमिलला आईकडून मिळाली होती. आईची रीत संथ होती. झाड आधी दोन पानांचे असताना पाहायचे, मग फुलावर पाहायचे, मग बियांवर पाहायचे. ओल्या वर्षी ते कसे दिसते आणि कोरड्या वर्षी कसे, ते पाहायचे. ते कोण खाते, किती खाते, हे विचारायचे. एवढे झाले की मग चिमूटभर तोंडात घालायचे. या रीतीने तीस वर्षांत सोमिलला अकरा वनस्पती कळल्या होत्या.

"अकराच?" असे कोणी विचारले, तर तो म्हणे, "दोघांच्या पोटाला अकरा पुष्कळ झाल्या."

एका वैशाखात भर दुपारी राजा अनवाणी हिरवळीवर फिरायला आला. पाय गार वाटत होते, पण घसा कोरडा पडला होता आणि पाण्याची झारी घेऊन येणारा सेवक अजून दूर होता. वासुला झाडाच्या सावलीत मडक्यातून काही पीत होती. राजाने हात पुढे केला. ती गोंधळली, पण तिने मडके दिले. राजाने ते एका घोटात संपवले.

"हे काय आहे?"

"आंबुशीचं पन्हं, महाराज."

"कोठून आणलीस?"

वासुलाने खाली बोट दाखवले. "महाराजांच्या पायाखालून."

राजाने पाऊल उचलून पाहिले. दूर्वांमध्ये तीन तीन पानांची बारीक हिरवी नक्षी होती. "हे तर मी उपटून टाकायला सांगितले आहे."

"आम्ही उपटतोच, महाराज," सोमिल जवळ येऊन म्हणाला. "टाकत तेवढं नाही."

राजा बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिला. त्या दिवशी त्याने सोमिलच्या घरून घोळाची डाळ मागवली, दुसऱ्या दिवशी तांदुळजा मागवला. पाचव्या दिवशी तो सभेत म्हणाला, "इतकी वर्षे मी आपले जेवण खंदकात टाकीत होतो." राजाला आवडते म्हटल्यावर ते सभेलाही आवडू लागले, आणि सभेला आवडते म्हटल्यावर नगरालाही.

मग आज्ञा निघाली की हिरवळीतले तण कोणी उपटू नये.

दुसऱ्या दिवशी निंदणी करणारे नेहमीप्रमाणे आले आणि खुरपी मांडीवर ठेवून बसून राहिले. उद्यानाचा रखवालदार त्यांच्यापुढे येरझाऱ्या घालीत होता. "काल घोळ राहिला म्हणून मी तुम्हांला बोल लावीत होतो. आज घोळ उपटलात तर बोल लावायचा. ठीक आहे. पण मग दूर्वेचे काय? ती आता तण झाली की नाही?"

"मलाही ते नीट कळलेले नाही," सोमिल म्हणाला.

त्या सकाळी कोणीच काही उपटले नाही.

इकडे सोमिलच्या दारात गर्दी होऊ लागली. लोक परसातले, गल्लीतले, तटाखालचे काय हाताला लागेल ते मुठीत धरून आणीत आणि विचारीत, "हे खायचं का?" सोमिल एकेक पान उलटून पाही, मुळाला हात लावी, वास घेई आणि ओळखीचे असेल तेवढे सांगे. दिवसभरात चाळीस माणसे होत. बाकीची परत जात.

राजाचा अमात्य कालसेन हे पाहायला आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सर्व गोष्टी रांगेत आणि वेळेवर झालेल्या आवडत. तो म्हणाला, "सोमिला, हे चालायचे नाही. नगरात तीस हजार माणसे आहेत. सर्वांना लक्षात राहील असा एक नियम सांग."

"एक नियम नाही, अमात्य. प्रत्येकीची ओळख वेगळी."

"प्रत्येक गोष्टीला नियम असतो."

सोमिल त्या वेळी एका बाईला दोन वेली दाखवीत होता. एका हातात घोळ होता, दुसऱ्या हातात त्याच्यासारखेच जमिनीला चिकटून पसरणारे दुधी नावाचे तण. तो तिला म्हणाला, "माई, घोळ मोडला तर पाणी निघतं. ही मोडली तर बघ, दूध निघतं. दूध निघालं तर ती घेऊ नको."

"हा पाहा नियम!" कालसेन म्हणाला आणि पालखीत बसला.

सोमिल मागे धावला. "अमात्य, ते या दोघींपुरतं आहे!" पण पालखी वळली होती.

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात दवंडी पिटली गेली: "ऐका हो ऐका! ज्याच्या देठात दूध, ते विष! ज्याच्या देठात दूध नाही, ते अन्न!"

लोकांना ही दवंडी फार आवडली. ती पाठ करावी लागली नाही. जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडीही ती एका दिवसात बसली.

वासुला दारात पाथरीची जुडी निवडीत होती. तिने एक पान मोडले. देठातून पांढरे दूध आले. तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, पाथरीत तर दूध आहे. आपण जन्मभर खातोय."

"पाथरी खाण्याचीच आहे."

"मग दवंडी?"

सोमिल उंबऱ्यावर बसला. "शब्द माझेच आहेत, वासुला. पण मी हे म्हटलं नव्हतं."

तो उठून कालसेनाच्या वाड्यावर गेला. द्वारपालाने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तू सांगितलेला नियम चुकीचा आहे, असे तूच सांगायला आलास? मग तू काल खोटा होतास की आज आहेस?" त्याने सोमिलला आत सोडले नाही.

मग तो दवंडीवाल्याच्या मागे मागे गल्लोगल्ली फिरला. दवंडी संपली की तो लोकांना थांबवून म्हणे, "हे सगळ्यांना लागू नाही." लोक एकदा ढोलाकडे पाहत, एकदा सोमिलच्या खुरप्याकडे, आणि निघून जात. शेवटी दवंडीवालाच वैतागला. "तुझं म्हणणं काय ते मला एका दमात सांग. मी तेही ओरडतो."

सोमिल म्हणाला, "दुधाची काही झाडं खाण्याची असतात, काही नसतात. बिनदुधाचीही काही असतात, काही नसतात. म्हणून ज्याची त्याची..."

"हे ढोलावर बसत नाही," दवंडीवाला म्हणाला आणि पुढे गेला.

चौथ्या दिवशी दुपारी इसिल कुंभार भिंतीला धरून धरून सोमिलच्या दारी आला. बाहुल्या पसरून त्याचे डोळे काळेभोर झाले होते. "सोमिलभाऊ," तो म्हणाला, "सामा चाकाशी बोलतेय."

सोमिल आणि वासुला धावले. इसिलची बायको सामा कुंभाराच्या चाकापुढे बसली होती. तिचे तोंड लाल झाले होते, ओठ सुकले होते. ती हवेतून कसलेसे धागे काढून तळहातावर गुंडाळीत होती. चाकाला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारी आणि म्हणे, "मला घरातून बाहेर पडायची वाट सापडत नाही गं." दार तिच्यासमोरच उघडे होते.

इसिलने कमी खाल्ले होते. तरी त्याने वाटेत सोमिलला तीनदा विचारले की तू कोण. मग मध्येच भान येऊन तो म्हणाला, "दूध नव्हतं हो त्यात. मी देठ मोडून पाहिला. दोनदा पाहिला."

चुलीपाशी टोपलीत उरलेला पाला होता. सोमिलने एक पान उचलून चुरगळले आणि वास घेतला. तो कोवळा धोतरा होता. भट्टीमागच्या उकिरड्यावर तो माजला होता, आणि दूध त्यात खरोखरच नव्हते.

वासुला वैद्याला घेऊन आली. वैद्याने दोघांना ओकारी करवली आणि अंधाऱ्या, गार खोलीत ठेवायला सांगितले. सामा उठून भट्टीकडे जाऊ पाही, म्हणून वासुला दोन दिवस तिचा हात धरून बसली. सामा घटकेघटकेला विचारी, "मी कुठे आहे?" वासुला दर वेळी सांगे, "तुझ्याच घरी." तिसऱ्या दिवशी सामाने तिला नावाने ओळखले आणि पाणी मागितले.

त्या आठवड्यात नगरात अशी सात घरे निघाली. कोणी दगावले नाही, पण एक म्हातारा विणकर भ्रमात चालत गेला, तो खंदकात पडून त्याचा पाय मोडला. आणि जिथे दुसरे काही परवडत नाही, त्या घरांतून लोकांनी पाथरी टाकून दिली होती.

राजाने सोमिलला बोलावले. त्या दिवशी शेजारच्या राज्याचा दूत यायचा होता आणि त्याला दंतपुरातले हे नवे अन्न वाढायचे ठरले होते. मुदपाकखान्यातून पाल्याच्या टोपल्या सभेत आणून ठेवल्या होत्या. त्यांच्याशेजारी बल्लवाने पहाटेपासून चिरलेल्या भाजीचे मोठे ताट होते.

कालसेन म्हणाला, "महाराज, नियम याच्याच तोंडचा आहे."

"शब्द माझे होते," सोमिल म्हणाला.

"मग दोष कोणाचा?" राजाने विचारले.

"मी दोन वनस्पतींपुरतं बोललो, महाराज. ऐकणाऱ्याला ते सगळ्यांना लागू वाटेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आधी ऐकणारा कोण आहे ते पाहायला हवं होतं. तेवढा दोष माझा."

राजाने कपाळावर हात ठेवला. "दोन महिन्यांपूर्वी मला सर्व कळत होते. दूर्वा ती दूर्वा आणि तण ते तण. आता गवत कोणते, अन्न कोणते, विष कोणते, काही कळेनासे झाले आहे. कोणी तरी एकाने सांगावे आणि हे संपावे. सोमिला, तू माझा शाकाध्यक्ष हो. वाड्यात घर घे. नदीपलीकडचे एक गाव तुला देतो. मुदपाकखान्यात येणारे प्रत्येक पान पाहायचे आणि 'खावे' किंवा 'टाकावे' एवढेच सांगायचे. आतापासून आरंभ कर. हे जमणार नसेल, तर सात घरांचा दोष तुझ्या माथी, आणि उद्या नगर सोडायचे."

सोमिल टोपल्यांपुढे बसला. त्याने पाला वेगळा करायला सुरुवात केली. हळूहळू अकरा लहान ढीग झाले. धोतऱ्याची तीन रोपे निघाली, ती त्याने दूर ठेवली. शेवटी एक जुडी उरली. तिची पाने गोल आणि जाड होती, देठ तांबूस होता. सोमिलने ती पुष्कळ वेळ हातात फिरवली. पान मोडले, मूळ पाहिले, वास घेतला.

"खावे की टाकावे?" राजाने विचारले.

"मला माहीत नाही, महाराज."

सभेत कुजबुज झाली. राजाला वाटले आपण नीट ऐकले नाही. "तू तीस वर्षे तण खातोस ना?"

"तीस वर्षांत अकरा. ही त्यांतली नाही."

कालसेन त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात कळकळ होती, "सोमिला, वेड्यासारखे करू नको. 'टाकावे' म्हण. जुडी फेकून देऊ. त्यात तुझे काय जाते?"

सोमिल म्हणाला, "मी टाकावे म्हटलं की लोक हिला विष समजतील, अमात्य. कुठल्या तरी घरी ही रोज शिजत असेल, त्यांच्या तोंडचा घास जाईल. पाथरीचं तसंच झालं. खावे म्हटलं तर काय होतं, ते सामाच्या घरी पाहिलं. मला एवढंच खरं ठाऊक आहे की मला माहीत नाही. तेच सांगतो."

"आणि हे?" राजाने चिरलेल्या ताटाकडे बोट दाखवले.

"चिरल्यावर पान ओळखू येत नाही, महाराज. यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. महाराजांच्या जागी मी असतो तर खाल्लं नसतं, आणि पाहुण्याला वाढलं नसतं."

बल्लव रडकुंडीला आला. "पहाटेपासून चिरतोय मी! यात काही असेलच कशावरून?"

"असेलच असं मी म्हणत नाही," सोमिल त्याला म्हणाला. "हे अकरा ढीग घे. मी चिरू लागतो."

राजा सिंहासनावरून उतरला आणि त्या ताटाभोवती एक फेरी मारून परत आला. "तुझ्या हातून एक गाव जात आहे, हे तुला कळते ना?"

"कळतं, महाराज. गाव घेतलं असतं तर रोज असं एखादं पान आलं असतं, आणि रोज मला काहीतरी सांगावं लागलं असतं."

राजा म्हणाला, "तू काय म्हणतोस ते मला पुरते कळत नाही. पण कालसेन जे म्हणाला ते मला लगेच कळले होते, आणि त्याने सात घरे आजारी पडली." त्याने ते ताट खड्ड्यात पुरायला सांगितले. त्यात धोतरा होता की नव्हता, हे कोणालाच कधी कळले नाही. आपले प्राण वाचले की एक वेळचे जेवण वाया गेले, याचा राजा पुढे कित्येक वर्षे विचार करीत असे.

सोमिलला नगर सोडावे लागले नाही. शाकाध्यक्षाचे पद मात्र त्याने घेतले नाही. त्याने दोनच गोष्टी मागितल्या. आधीची दवंडी परत घ्यावी, आणि हिरवळ पूर्वीसारखी निंदून तिचा एक कोपरा तेवढा न निंदता ठेवावा, म्हणजे लोकांना प्रत्येक झाड कोंबापासून बियांपर्यंत पाहता येईल.

दवंडीवाला पुन्हा फिरला. "ऐका हो ऐका! नियम चुकला! ओळखीचे तेवढे खा, अनोळखी विचारून घ्या, विचारूनही कळले नाही तर राहू द्या!" यात त्याला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागे आणि दर वेळी ढोलाचा ठेका चुके. ऐकणारे विचारीत, "म्हणजे नक्की काय?" आणि तो म्हणे, "कोपऱ्यात जाऊन बसा आणि पाहा."

कोपऱ्यात सर्वांत आधी सामा आली. तिने सोमिलला म्हटले, "कडेला एक धोतराही राहू द्या. मला तो नीट बघायचाय." सबंध पावसाळा ती अधूनमधून येऊन त्याच्यासमोर बसे. कालसेनही येऊ लागला. पहिले काही दिवस तो उभाच असे, मग एकदा धोतर सावरून खाली बसला आणि घोळाला फूल यायची वाट पाहू लागला.

शरदात वासुला मीठ आणायला समुद्राकाठी गेली, तेव्हा तिला कोळ्यांच्या घरी तीच जुडी दिसली, गोल पानांची, तांबूस देठाची. कोळिणी ती पिढ्यान्‌पिढ्या माशांबरोबर शिजवीत होत्या. वासुलाने आठ दिवस तिथे राहून सारे विचारून घेतले. हे राजाच्या कानावर गेले, तेव्हा तो हिरवळीवर आला.

"सोमिला, ती भाजी चांगली होती म्हणे. म्हणजे त्या दिवशी तू चुकलास?"

सोमिलने खुरपे खाली ठेवले. "त्या दिवशी मला माहीत नव्हतं, महाराज. अजून ती मी फुलावर आणि बियांवर पाहिलेली नाही. पुढच्या वर्षी पाहीन."

"म्हणजे बारावी?"

"पुढच्या वर्षी सांगतो," सोमिल म्हणाला. राजा मान डोलावीत परत गेला. त्याला समजले होते की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते.

ही गतजन्मीची हकीकत शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली, तेव्हा समोर नागिल नावाचा तरुण भिक्खू खाली मान घालून बसला होता. गावात लोक काहीही विचारीत, आणि 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटून नागिल प्रत्येकाला काही ना काही उत्तर देऊन मोकळा होई. त्याच्या अशाच एका उत्तराने एका घरात भांडण पेटले होते. ज्याच्या घरी ते पेटले तो गृहपती सुदर्श तक्रार घेऊन आला होता, आणि तोही म्हणत होता, "भगवन्, मला एक काय ते स्पष्ट सांगा."

कथा संपवून शास्त्याने दोन जन्म जोडून दाखवले. "तेव्हाचा राजा उग्रतेज हा आजचा सुदर्श. अमात्य कालसेन हा नागिल. तेव्हाही त्याच्या मनात वाईट नव्हते, आजही नाही. कुंभाराची बायको सामा ही आजची भिक्खुणी सोमदिन्ना, जी ध्यानाला बसली की उठायची घाई करीत नाही. वासुला ही विहाराच्या दाराशी आजाऱ्यांचा हात धरून बसणारी उपासिका. आणि खुरपे घेऊन हिरवळीवर बसणारा सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी ज्या पारमितेचा, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणाचा, अभ्यास केला ती सत्यपारमिता. जाणलेले बोलणे हे सत्य आहे, आणि न जाणलेल्याला 'जाणत नाही' म्हणणे हेही सत्यच आहे. त्यातले दुसरे मला अधिक जड गेले."

नागिलने मान वर केली. त्याच दिवशी तो सुदर्शाच्या घरी गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "परवा मी जे सांगितले, ते मला माहीत नव्हते."